पोटातलं ‘नको’

१ जुलै
आले बाई एकदाची बदलापुरात! उल्हासनगर कॅम्प दोनमधली ती खोली आणि खालच्या कारखान्यातल्या जीन्सच्या मशीनींची घरघर मागे टाकली. मांजर्लीतलं राजरत्नचं हे भाड्याचं घर तळमजल्यावर, माझ्या गुडघ्यांच्या सोयीचं. मागच्या दारातून नदीकडची झाडं दिसतात. सूनबाईने, प्रीतीने, आल्या आल्या आलं घालून चहा दिला. नात राजसी, चार वर्षांची चिमणी. तिने लंगड्या घोड्यासकट सगळ्या खेळण्यांशी माझी ओळख करून दिली. ही वही लेकाने दिली. म्हणाला, आई, नातवंडाची आजी होईपर्यंत नुसती अक्षरं गिरवलीस, आता स्वतःचं काहीतरी लिही.

४ जुलै
शेजारच्या गोजरबाईंबरोबर बाजारात गेले. दुधी हातात घेतला, हिरवागार, कोवळा. पण पोटात बारीक कळ आली. ठेवून दिला. गोजरबाईंनी हट्टाने तोच उचलला. संध्याकाळी दारात येऊन म्हणाल्या, कडूजहर निघाला हो, यशोधराबाई, तुमचं पोट बाजाराला जाताना उसनं देत जा!
माझं हे जुनंच. कारखान्यात कामाला असताना कापडाच्या थानावर हात ठेवला आणि कळ आली, की ते कापड पहिल्या धुण्यात आटणार. शेठ हसायचा, अम्मा, पेट है कि मशीन. पण थान परत धाडायचा. पोट मला एवढंच सांगतं: नको. ‘कर’ असं ते आजवर कधी म्हणालेलं नाही.

९ जुलै
आज नवल झालं. दुपारी राजसीला थोपटत होते. मनात आलं, ऊठ, गॅस बघ. बघते तर दूध उतू जाऊन ज्योत विझलेली, वास सुटलेला. कळ वगैरे काही नाही. कानामागे कुणी हळूच सांगावं तसं. म्हटलं, म्हातारपणी पोटाला वाचा फुटली!

१३ जुलै
आता ते रोज सांगतं. छत्री घे. या रिक्षात बसू नकोस, त्या रिक्षात बस. सगळं बरोबर निघतं, म्हणून मीही ऐकत गेले. आज म्हणालं, मागचं दार उघडं ठेव. वारा येईल म्हणून ठेवलं.
राजसी नदीच्या वाटेवर सापडली. एकटी, गुडघ्यापर्यंत चिखलात. म्हणे आजोबांनी बोलावलं. हिचे आजोबा हिच्या जन्माआधीच गेले. तिने त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही.

१४ जुलै
गोजरबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. तोंडाला पदर लावून म्हणाल्या, तुमच्या आधी इथे अण्णा म्हणून एकटे गृहस्थ राहायचे. मागच्या पुरात वर पळताना अख्खी बिल्डिंग त्यांचं दार बडवत होती. आतून एकच, माझं मन सांगतंय, उघडू नको. पाणी छताला लागलं. ओसरल्यावर दार फोडलं, तेव्हा अण्णा गेलेले. मग म्हणाल्या, उतारा करू. मी हसले. आमच्या घरात बुद्धवंदना होते, भूतखेत आम्ही मानत नाही.
हे लिहिताना मात्र हात थांबला. मानत नाही, म्हणूनच मी त्याला माझं मन समजले.

१८ जुलै
त्याचं ऐकत नाही. ऊठ म्हटलं की बसून राहते. राजसीला नजरेआड करत नाही. राजरत्नला म्हटलं, घर बदलू. तो हसला. आई, हे सगळं थोतांड आहे असं तूच शिकवलंस ना आम्हाला? रविवारी बघू म्हणाला.

२१ जुलै
कानामागचं गप्प झालंय. बरं वाटलं. मग कांदा हातात घेतला आणि पोटात कळ आली. माझी जुनी कळ. चिरला. आत पांढराशुभ्र, चांगला.
असं कधी झालं नव्हतं.

२३ जुलै, दुपार
पाऊस थांबत नाही. पोरं दोघं कामावर — गाड्या बंद, फोन लागत नाही. मोरीतून पाणी उलटं येतंय. राजसीला ओट्यावर बसवलं. मीही चढले.

पाणी खुर्चीला लागलं. बाहेर गोजरबाई. यशोधराबाई, उघडा, वर चला, लेकरू आहे आत —
कळ आली. जोरात. नको.

आयुष्यभर ही कळ कधी डावलली नाही. एकदाही नाही. पण कांदा — कांदा चांगला होता —

दार बडवतायत. माणसं वाढलीत. कडी आतून आहे, मीच लावली. केव्हा लावली —

राजसीला विचारलं, आजोबा कुठायत गं? पाण्यात? दाराबाहेर?
ती हसली. माझ्या पोटावर हात ठेवला.

म्हणजे ही कळ माझी नाही, त्याची. उघडायचं. हो. उतरते. लेकरू घेते, कडी काढते —
हात वही सोडत नाही. मी लिहीत नाहीये, राजसी, खाली उतर, तुझा हात पोचेल कडीला, बाळा, तू उघ

नको नको नको न