पहाटेच्या सांबारवड्या

बाबा, आज तुमच्याशी भांडायचं आहे.

सेलूच्या आपल्या कापड दुकानामागचं ते स्वयंपाकघर. पहाटेच तुम्ही सांबाराच्या जुड्या निवडत बसला आहात. कोथिंबीर म्हणायला मी शाळेत शिकले. घरात तो सांबारच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तरी चेहरा टवटवीत. एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू: वर्ध्यात दुकान काढू, नागपुरात काढू. अख्ख्या गल्लीला पुरतील एवढ्या वड्या तळता, आई "पुरे" म्हणाली की झारा आपटता. आम्ही पोरं खूश. 'शेठ रंगात आले,' लोक म्हणायचे. मग काही आठवड्यांनी तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात आणि आई गिऱ्हाइकांना सांगायची, 'पित्त झालं.' तो रंग आणि ते पित्त एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत, हे कुणी जोडून पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं.

यंदा हिवाळाभर अंथरुणात पडून राहिलेली माझी धाकटी लेक एकदम उठली. झोप नावापुरती, बोलणं सुसाट, नोकरी सोडून हॉटेल काढायचा बेत. एका सकाळी तिने बाजारातून पोतंभर सांबार आणला. तो हिरवा वास घरात शिरला आणि मला तुमची ती पहाट आठवली. मी भावाला बोलावलं.

"ताई, काऊन गावभर करून राह्यली? पोरगी खुशीत हाय, राहू दे. लगन व्हायचं हाय तिचं!"

"बाबाच्या वेळी वड्या खाल्ल्या आपण, अन् तोंड पुसलं. आता नाई."

"मंग मले कायले बोलावलं?"

"गाडी चालवाले. चाल, सावंगीच्या दवाखान्यात."

तिथे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं व्हायचं का? भावाने माझा पाय दाबला. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर उभं राहून मोठ्याने उत्तर द्यायला लावायच्या. मी उभीच राहिले. "माझ्या बाबांना," म्हटलं, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. बायपोलर, त्या म्हणाल्या. तुमचं नाव जपण्यात आईचा जन्म गेला. मी ते दोन शब्दांत मोडलं. मला लाज वाटत नाही. वाटते ती त्या पित्ताची.

लेक आता गोळ्या घेते, माझ्यावर चिडते, पण झोपते. भाऊ अबोला धरून आहे. धरू दे.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, एक सोडून. तुमच्या त्या पहाटेची आम्ही वाट बघायचो, बाबा. मी अजून बघते.