नाव न घेतलेलं धान

१९ मे २०२५, सोमवार

नाही भेटलं. रक्षा म्हणते, "आजी, साऱ्या जिल्ह्याचे जुने धान आमच्या कंपुटरात हायेत, पण तुही मोतीसाळ नाही." माह्या मायचं धान ते! शिजलं का शेजारणी वास घेत यायच्या. रोपासाठी पऱ्हे टाकाच्या आत बी भेटलं त बरं. माहे गुडघे पाह्यता आणखी किती रोवण्या पाहीन, कोणाले माहीत.

नात साकोलीले बियाण्याच्या संस्थेत लागली. स्कुटीवर हेल्मेट घालून जाते त माहीच मले ओळखू येत नाही. ही वहीही तिनंच दिली. चवथी शिकली न तू, लिहीत जा, म्हणे.

२२ मे

रक्षानं लॅपटॉप घरी आणला. माणसाचं नाव, गाव, धानाचं नाव — याचे रकाने ठरलेले. शेवटी एक रकाना, त्यात ज्यानं जे सांगितलं ते सारं. म्हणजे फळीवर डबे ओळीनं, अन् कोपऱ्यात गाठोडं. हिचं शोधणं डब्यापुरतंच!

"गाठोडं काहून सोडत नाही?"

"सोडतो ना आजी. पण आतमंधी बी चिठ्ठ्या हायेत, अन् सारख्या नाहीत. एकानं 'वास' लिहिलं, एकानं 'सुगंध'. जी चिठ्ठी मागितली तेवढीच भेटते."

मंग साऱ्या गाठोड्यात 'मोती' शोधलं. मोत्यासारख्या दाण्यावाले ढीगभर निघाले. अन् एकाचा राखणीचा कुत्रा.

हे खाटेवरून म्हणतात, "बाजारातले तांदूळ सरले का?" मी चहा दिला, बिनसाखरेचा.

२३ मे

रक्षा माही बी माहिती टाकून राहिली होती. "नवऱ्याचं नाव सांग."

"तुले माहीत नाही का? टाक."

"आजी, अजून घेत नाहीस?" लोटपोट हसली. मी बी हसली. अन् हसता हसता डोक्यात आलं — जिच्या नवऱ्याच्या नावातच मोती, ती बाई या धानाचं नाव कशी सांगन?

म्हटलं, "ज्याईनं धानाचं नावच सांगितलं नाही, त्या दाखव."

पोरीचे हात थांबले. रिकामे रकाने तिनं कधी मागितलेच नव्हते. बरेच निघाले. मंग त्याईचेच गाठोडे सोडले. एका गाठोड्यात अशी चिठ्ठी होती, जी दुसऱ्या कोणाच्याच गाठोड्यात नाही — 'नाव न सांगण्याचं कारण'. पुढं लिहिलं होतं, 'घरधन्याचं नाव येते'. ज्यानं हे लिहून घेतलं, त्याचं भलं हो.

मंदाबाई, बपेरा.

मंदा! माह्या माहेरची, कारध्याची, घराले घर लागून. वैनगंगेवर संगं भांडे घासाचो. तिच्या लग्नात माह्या मायनंच तिच्या ओटीत मोतीसाळ टाकलं होतं. मंग नवरदेवाचं नाव कळलं, अन् मांडवातल्या बाया पदर तोंडात घालून हसल्या. मोतीलाल!

२४ मे

रक्षा म्हणते, उद्या रविवार, उद्या जाऊ. शनिवार कायले येते मधात.

२५ मे

बपेऱ्याले जाऊन आली. मंदा वाकली, दात गेले, आवाज तोच. "कुंते, इतक्या वर्षानं आली, अन् ते बी धानासाठी?" मंग गळ्यात पडली. रक्षाले म्हणे, "तुही आजी नदीवर माह्या लुगड्यावर पाणी उडवे." खोटं. तीच उडवे.

कोठीतून बी काढलं. मुठीत घेऊन नाकाजवळ नेलं. माय उभी राहिली डोळ्यापुढं.

मोतीलाल दोन वर्षामागं गेला. पोरं म्हणतात, हे धान कमी पिकते, सोड आता. मी विचारलं, "मंग काहून पेरतं?"

माही ओंजळ भरत होती. म्हणाली, "ते होते तव्हा तोंडानं घेतलं नाही. आता वावरात घेतो."

वापस येताना रस्ताभर बियाची पुरचुंडी पोटाशी धरून बसली.

१२ जून

पऱ्हे टाकले. पाखरं खातीन म्हणून हे बांधावर बसून हायेत, दुपारचं जेवाले बी उठले नाहीत. घरी कोणी नाही.

घनश्याम.

लिहिलं.