गावतलावातले शिंपले

सर,

आमच्या गावतलावाचं पाणी या उन्हाळ्यात हिरवं पडलं, आणि ते माझ्या सहीने पडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कोणी सुचत नाही. घरात सांगावं तर घरातलीच माणसं त्यात आहेत, आणि गावात सांगावं तर मीच गावची सरपंच आहे. हो, सर. तुमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसणारी, उत्तर येत असूनही हात वर न करणारी मी, आता सरपंच आहे.

तुमची प्रयोगशाळा म्हणजे चार टेबलं आणि एक गळका नळ. त्या दिवशी तुम्ही काचेच्या दोन बरण्यांत तळ्याचं गढूळ, हिरवट पाणी भरून आणलं होतं. एकीत नुसतं पाणी. दुसरीत तळाशी रेती आणि रेतीत चार जिवंत शिंपले. आम्हाला शिंपला म्हणजे कैरी सोलायची वस्तू. दगडावर घासून भोक पाडलं की झालं. तो पाणी आत ओढतो, त्यातलं शेवाळ आणि गाळ कल्ल्यांत अडकवतो, खायचं तेवढं खातो, उरलेलं चिकट गोळी करून तळाला टाकतो आणि निवळ पाणी बाहेर सोडतो, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. ऐकून दोन तास झाले तरी बरणीत मला काही फरक दिसेना. मी शेजारच्या मुलीच्या वहीतून 'पाणी स्वच्छ झाले' हे वाक्य उतरवून मोकळी झाले. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. रागावला नाहीत, नुसती लाल रेघ मारली. "पाह्यलं तेच लिहायचं, पोरी. नसन दिसलं तर जागा कोरी ठेव." सगळा वर्ग ऐकत होता आणि माझे कान तापले होते. चार वाजता, एसटीच्या आधी, मी परत आत आले. पहिली बरणी तशीच होती. दुसरीच्या मागे कोणीतरी वर्तमानपत्र ठेवलं होतं आणि पाण्यातून त्याची अक्षरं वाचता येत होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला तळ्यावर नेलंत. पाणकणसाचं एक रोप मुळासकट उपटून धुतलंत आणि म्हणालात, हे नुसतं गवत नाही. ही मुळं चिखलात हवा पोचवतात, त्यांच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, गावाची घाण पाण्यात येते ती हे जीव फोडतात आणि रोप खातं. मग ते रोप तुम्ही वाकून परत लावलंत. पॅंट गुडघ्यापर्यंत भिजली होती. मुलं हसत होती. मी हसले नव्हते, एवढं मला नक्की आठवतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी कॉलेजला आले नाही. तुम्ही माझी प्रयोगाची जर्नल घेऊन एसटीने सुलतानपूरला, आमच्या घरी आलात. मी आत चुलीपाशी आहे, पोळी तव्यावर आहे, आणि बाहेरचा शब्दन् शब्द ऐकू येतो आहे. वडील वाईट नव्हते. त्यांनी तुम्हाला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि स्थळ चांगलं आहे एवढंच सांगितलं. तुम्ही म्हणालात, दीडच वर्ष राहिलंय. वडील म्हणाले, "पाव्हणे थांबत नसतात, सर." पोळी करपली. निघताना तुम्ही दारातून माझ्या हातात जर्नल दिलीत आणि वर स्वतःचं भिंग ठेवलंत. "हे कॉलेजले परत नको करू," म्हणालात. बीबी गावच्या बाजारात एका जुन्या मैत्रिणीने तुम्ही गेल्याचं सांगितलं, तेव्हा माझा मोठा मुलगा पहिलीत होता. मी भाजी घेतली आणि घरी आले.

सासरच्या या गावची जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून मी उभी राहिले, म्हणजे मला उभं केलं. शिक्का यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, खिशात असतो. फोन यांना येतात, लोक यांनाच सरपंच म्हणतात. हे मारत नाहीत, ओरडत नाहीत. चांगली साडी आणून देतात, झेंडावंदनाला पुढे उभं करतात. तक्रार करायला धरावं असं काही हाती लागत नाही, सर. तेच जास्त अवघड आहे. भिंतीला दार कुठे आहे हे शोधत हात फिरवावा आणि भिंत गुळगुळीत लागावी, तसं.

तलावाच्या सुशोभीकरणाचं काम मंजूर झालं. बाकडी, कठडा, चारी बाजूंनी दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर. जेसीबी आला त्या सकाळी मी डोक्यावर पदर घेऊन बांधावर गेले. पाणकणसाचा पट्टा तोवर अर्धा निघाला होता. तळाचा चिखल उपसून ढीग घातले होते आणि त्या ढिगांत शिंपले होते, शेकड्यांनी. काही अजून मिटत होते. बगळे आणि कावळे जमले होते. मी यांना बाजूला बोलावून म्हटलं, निदान गावाचा नाला तळ्यात येतो तिथलं गवत राहू द्या. हे हळू आवाजात म्हणाले, "मंग सही करतानी काऊन नाही बोलली?" मी घरी येऊन भाकरी थापल्या.

पावसाळ्यात तळं भरलं तेव्हा देखणं दिसत होतं. लोक फोटो काढत होते. होळीनंतर पाणी हिरवं व्हायला लागलं आणि वैशाखात त्याच्यावर साय धरल्यासारखा थर आला. नाल्याची घाण तीच होती, तेवढीच होती, फक्त ती खाणारं कोणी राहिलं नव्हतं. तळ्याखालच्या विहिरीचं पाणी वास मारू लागलं. ब्लिचिंग पावडर टाकली तर दोन दिवस औषधाची चव, तिसऱ्या दिवशी परत तोच वास. बाया हंडे घेऊन माझ्या दारात आल्या. हे बाहेरगावी होते. एक म्हातारी म्हणाली, "तुह्या राज्यात पाणी बी सडलं, बाई." माझी मोठी जाऊ पुढे झाली. तिने मला कधी फार जवळ केलं नाही, पण त्या दिवशी ती म्हणाली, "तिले काय बोलता? तिले कागद वाचू तरी देतात का कोणी? ठेवला पुढं, केली सही." बाया निवळल्या. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल दया आली, आणि त्या हंडे उचलून गेल्या.

त्या आठवड्यात मी जावेला घेऊन वरच्या नदीच्या डोहावर गेले. तिथे अजून शिंपले आहेत. ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन बादल्या आणले. नाल्याच्या तोंडाशी पिचिंगचे दगड खचले होते, तिथे चिखलात सोडले आणि पाणकणसाचे गड्डे लावले. जाऊ विचारत होती, "यानं व्हईन का?" मी म्हटलं, माहीत नाही. काम बघायला वरचे साहेब यायचे ठरले तेव्हा यांनी माणूस लावून ते सगळं कापून घेतलं. मला विचारलं नाही. पण कापलं वरून, गड्डे चिखलात राहिले आणि महिनाभरात परत हातभर वर आलं. या वेळी यांनी ते पाहिलं, पण कापायला माणूस लावला नाही. आता त्या कोपऱ्यात पाण्यात हात घातला तर मनगटापर्यंत दिसतो. त्यापुढे सगळं तळं हिरवंच आहे. निम्मे शिंपले मेले. उरलेले किती टिकतील सांगता येत नाही, आणि माझी मुदत पुढच्या वर्षी संपते.

धाड गावातल्या तुमच्या घरात आता कोण राहतं, मला ठाऊक नाही, आणि हा कागद मी कुठे पाठवणारही नाही. पण एक गोष्ट राहिली. गावात सगळे समजतात की मी न वाचता सही केली. हेही तसंच समजतात. मी कोणाचाच समज काढला नाही, कारण त्या समजाच्या आत मला बरं वाटतं. तो कागद दुपारभर स्वयंपाकघरातल्या फळीवर होता, सर. डाळ शिजेपर्यंत मी तो वाचला. 'तळ्यातील अनावश्यक वनस्पती व गाळ समूळ काढणे.' समूळ म्हणजे काय, ते पूर्ण गावात मला एकटीला कळत होतं. संध्याकाळी बाहेर पाहुणे बसले होते, हे पेन घेऊन आत आले, बोट ठेवून म्हणाले, इथं आणि इथं. पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणायचं, चहा निवतो आहे, एवढंच माझ्या मनात आलं. मी दोन्ही ठिकाणी सही केली. अक्षर चांगलं आलं होतं.