तक्त्याचं डोकं सरकलं त्याची गोष्ट

चि. भाचीबाईंना मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी प्रकृती ठणठणीत असणार, कारण आज सकाळी फोनवर तू ज्या आवाजात बोललीस तो आजारी माणसाला काढता येत नाही. तुझी आई बरी आहे. ऑपरेशन झालेला गुडघा आता वाकतो (जीभ कधीच वाकली नव्हती, ती तशीच आहे). माझी चौकशी तू केली नाहीस, तरी कळवते की मी जिवंत आहे.

"रविवारी येते आणि आईला शुश्रूषा केंद्रात हलवते," हा तुझा निकाल ऐकला. मी उभा जन्म परीक्षा विभागात काढला. पेपर न तपासता निकाल लावणाऱ्यांची मी काय गत करत असे ते तुझ्या आईला विचार. तेव्हा आता जरा बस, पाणी पी, आणि पेपर तपास.

अट तुझीच होती. आम्हा दोघी बहिणींच्या गोळ्यांची सरमिसळ झाली नाही, तरच ताई माझ्याकडे राहणार. माझं अक्षर कॉन्व्हेंटचं, मोत्यासारखं. पण डॉक्टर दर भेटीला गोळ्या बदलतात आणि खाडाखोडीत मोतीही बुडतात. म्हणून तू मला संगणकावर कोड लिहून तक्ता करायला शिकवलंस. डावीकडे औषधांची नावं. मथळ्याच्या दोन ओळी. खालच्या ओळीत सकाळ, दुपार, रात्र, आणि पुन्हा सकाळ, दुपार, रात्र. वरच्या ओळीत 'ताई', तिने आपले तीन रकाने पदराखाली घ्यायचे, आणि शेजारी 'मी', तिने आपले तीन. आणि या दोघींच्या आधी, औषधांच्या नावांवर, तू एक रिकामा चौकोन ठेवायला लावलास. "मावशी, तो काढू नकोस हं," असं म्हणाली होतीस. म्हणाली होतीस, नाकारत नाही. पण का काढायचा नाही ते सांगितलं होतंस का? आमच्या सिस्टर उत्तरपत्रिकेत रिकामी जागा दिसली की पट्टी उभी धरून मारायच्या. कोडमध्ये ती काहीच न लिहिलेली जागा बघून माझी बोटं या वयातही दुखली. मी ती पुसली.

पुसल्याबरोबर वरची अख्खी ओळ, बाकावर जागा झाली की माणसं सरकतात तशी, एक घर डावीकडे सरकली. 'ताई' जाऊन बसली औषधांच्या नावांवर. ताईची रात्र आली माझ्या नावाखाली. माझ्या रात्रीला कोणी वालीच उरला नाही. (माझ्या खाली रात्र, सकाळ, दुपार असा क्रम दिसत होता हे खरं. मला वाटलं, संगणकाचा दिवस असाच उगवत असेल.) मी तक्ता छापला, कपाटावर चिकटवला आणि दुरून कौतुकाने पाहिला.

काल संध्याकाळी लवकर जेवलो. आदल्या दिवशीच डॉक्टर दोघींना तपासून गेले होते, म्हणून नवा तक्ता समोर धरून मी वाट्यांत गोळ्या काढल्या.

"माझी पिवळी गोळी?" ताई म्हणाली.

"तुझ्याखाली नाही. माझ्याखाली आहे."

"अगं, ती माझ्या गुडघ्याची. गुंगी येते तिने."

"ताई, छापलंय. मी शाईने नाही लिहिलेलं, यंत्राने मांडलंय."

"यंत्राचा गुडघा दुखतोय का?"

"डॉक्टरांनी बदलली असेल. सगळ्यात तुला शंका!" असं म्हणून मी ती गिळली. वर पाणी प्यायले, तेही तोऱ्यात.

त्यानंतरचं मला ठाऊक नाही. खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर होता. तू किती वेळा केलास ते तू सांगितलंच आहेस. दाराला आतून कडी. मला जाग आली ती करवतीच्या आवाजाने. तू धाडलेला खालचा सुतार कडीला भिडला होता. मला उठायचं होतं, पण पाय दुसऱ्या कोणाचे तरी होते. समोर पलंगावर ताई. डोळे मिटलेले. एक हात पलंगाखाली लोंबत होता. मी "ताई" म्हटलं, पण ते करवतीच्या आवाजात बुडालं. पुन्हा म्हटलं. ती हलली नाही. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय आलं ते मी लिहिणार नाही. माझ्याकडे तशी मराठी नाही आणि सिस्टरांनी तशी इंग्रजीही शिकवली नाही. मला एवढंच दिसत होतं की तिची गोळी माझ्या पोटात आहे.

मग दार पडलं, आणि ताई डोळे मिटूनच म्हणाली, "दार कोण बसवून देणार?"

असो. चूक तक्त्याची, तक्ता तू शिकवलास, तेव्हा दोष कोणाचा ते तूच ठरव.

तुझी,
मावशी

ता. क. तो चौकोन पुन्हा घातला आहे. आता ताईच्या तीन रकान्यांवर ताई आहे आणि माझ्या तिनांवर मी. दोघी शेजारी शेजारी, आपापल्या जागी. केंद्रातली खोली नको म्हणून कळवून टाक. हे पत्र त्यासाठीच लिहिलं. बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल.

ता. क. पुन्हा. पत्र ताईला वाचून दाखवलं. ती आता म्हणते, फोन तिला ऐकू येत होता, वॉकर हाताशी होता, माझ्या मांडीपर्यंत सहज पोचली असती. पण मला गप्प बसलेलं तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. गुडघा ठणकत होता, तरी ती शांतता तिला मोडवेना!

तेव्हा तुझ्या आईला रविवारी अवश्य घेऊन जा.

ता. क. शेवटचं. वरची ओळ खोडली आहे असं समज. शाईने खोडलं की पान घाण दिसतं, म्हणून तशीच ठेवली.