छत्री कुठल्या रंगाची होती?

स्कारबरो
शुक्रवार, १७ ऑगस्ट १९८४

प्रिय विल्फ्या,

हे पत्र एडना तुला वाचून दाखवेल. एडना, तुझ्या भावाला दिलेल्या शिव्याही वाच, गाळू नकोस. विल्फ्या, पक्षाघाताचा झटका आल्यापासून तुझी वाचा गेली, पण कान शाबूत आहेत असं एडना म्हणते, तेव्हा गुपचूप ऐक. सोळा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आता लिहितोय ते लाज गुंडाळून ठेवून.

मी पुन्हा धक्क्यावरच्या थिएटरात आलोय. टीव्हीवरचा माझा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम वसंतात बंद झाला. नव्या साहेबांचं म्हणणं, लोकांना माझ्या दातांचा कंटाळा आला. म्हणून चौसष्टाव्या वर्षी उन्हाळाभर दुपारचे आणि संध्याकाळचे खेळ. नाचणाऱ्या सहा मुली, एक जादूगार, एक गाणारी बाई आणि मी. चहावाल्या मिसेस ऑग्डन अजून आहेत. मला बघून पहिलं काय विचारलं असेल? "तो दुसरा कुठाय? हसवायचा तो?" म्हटलं, घरी असतो. तर म्हणाल्या, "अगंबाई, मग तुम्ही काय करणार?"

मॅनेजर म्हणाला, दुपारच्या खेळात जुनं काहीतरी करा, म्हाताऱ्या मंडळींना आवडतं. मी आपला हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीचा प्रवेश काढला. मी काउंटरमागचा कारकून. तू नखशिखान्त भिजून येणार, कारण इथला रंगमंच-कामगार हर्बर्ट विंगेत तुझ्या डोक्यावर पाण्याचा अख्खा जग ओतायचा आणि तू त्याच्या सात पिढ्या उद्धरायचास. काय हरवलं? छत्री. कुठल्या रंगाची? मग तू वर गॅलरीकडे बघत राहायचास, मी मनात चार मोजायचो आणि तू म्हणायचास, "ओली." थिएटर कोसळायचं. अकरा वर्षांत ते वाक्य एकदाच पडलं, आणि ते का पडलं हे मला ठाऊक आहे.

टीव्हीवरचा आपला पहिला कार्यक्रम. मी दोनच मोजले आणि स्वतःच बोलून टाकलं, "काळी असेल, साहेब." तू तोंड उघडून तसाच उभा राहिलास. सगळ्यांना वाटलं, विल्फ वाक्य विसरला. मीही निर्मात्याला तेच सांगितलं, हल्ली तो विसरतो म्हणून. तू विसरला नव्हतास आणि मी मोजायला चुकलो नव्हतो. मला वैताग आला होता, विल्फ्या. लोक तुझी सही मागायचे आणि तुझा कोट माझ्या हातात द्यायचे. पुढे मला प्रश्नमंजुषा मिळाली आणि तुला नाताळच्या पँटोमाइममध्ये, म्हणजे पोरांच्या नाटकात, घोड्याच्या सोंगाचं मागचं अंग. त्या पहिल्या कार्यक्रमाहून परतताना गाडीत तू एवढंच विचारलंस, "मोजायला चुकलास का रे?" मी हो म्हणालो.

आता ऐक. जुलैतला पहिला दुपारचा खेळ. काउंटरपलीकडे कोणी नाही, मी एकटाच. प्रश्न विचारला आणि सवयीने चार मोजले. चौथ्याला हशा पिकला. भरगच्च, तुझाच हशा. कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे काउंटरच्या पलीकडे बघत होते. वाटलं, कीव आली असेल म्हाताऱ्याची. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी मिसेस ऑग्डन चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "आला का शेवटी? वाळलाय हो बिचारा." मी काउंटरपलीकडे जाऊन पाहिलं. तिथल्या फळ्या ओल्या होत्या. हर्बर्ट आईची शपथ घेऊन सांगतो की पाण्याच्या जगाला त्याने हात लावलेला नाही. खरं सांगू, मला बरं वाटलं. सहा आठवडे रोज दुपारी मी चार मोजून थांबत होतो आणि तुझा हशा तुला मिळत होता. वाटायचं, माझं पाप जरा तरी धुऊन निघतंय.

मंगळवारी एडनाचं पत्र आलं. तिने साधेपणाने लिहिलंय की जुलैपासून रोज दुपारी तीनच्या सुमारास तुझे ओठ हलतात आणि डोक्याला असा घाम फुटतो की उशी पिळून काढावी लागते. फक्त रविवारी तू कोरडा असतोस. रविवारी आमचा खेळ नसतो, विल्फ्या. छातीत कफ भरलाय आणि असंच भिजणं चालू राहिलं तर हा माणूस महिना काढायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. काल मी तो प्रवेशच गाळला, तर विंगेत पाण्याचं थारोळं साचलं आणि संध्याकाळपर्यंत वाढतच गेलं. रात्री एडनाला फोन केला. तू दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कुडकुडत होतास म्हणाली. माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पुकारा होईपर्यंत विंग सोडायची नाही, हे मीच तुला शिकवलं होतं. म्हणून आज मुकाट्याने प्रवेश केला, चार मोजले, आणि तू पुन्हा भिजलास. उद्या शेवटचा दुपारचा खेळ. तुला आत बोलावल्याशिवाय तू जाणार नाहीस आणि वाक्य मिळालं की परत परत येशील. तेव्हा उद्या मी छत्रीचा रंग विचारीन, दोनच मोजीन आणि मध्येच बोलून टाकीन, काळी असेल, साहेब. कोणी हसणार नाही, आणि हशाच नाही म्हटल्यावर तू परत यायचा नाहीस. तू उभा राहशील तोंड उघडून, त्या दिवसासारखा. तेव्हा मी चुकलो नव्हतो, उद्याही चुकणार नाही. तू आपला घरी जा, एडनाकडून डोकं कोरडं करून घे आणि माझ्यावर हवं तेवढं चीड.

मध्येच बोलणारा, तरी तुझाच,
सिरिल