जॉर्जियाच्या सिनेमातला मुलगा

बुद्धभूषणदादा,

पडद्यावरचा मुलगा दारात उभा राहिला, तसं बाबांनी मला कोपर मारलं. “काय म्हणतोय? वाच ना.”

खाली इंग्रजीत ओळ होती: बाबा, चुकलो, घरात घ्या.

तू पाठवलेला जॉर्जियाचा सिनेमा. बाबांना इंग्रजी येत नाही, म्हणून पूर्वी तू या ओळी मराठीत वाचून दाखवायचास. आता मी वाचते. स्वतः बोलायची हिंमत नाही, म्हणून तू हा सीन पाठवलास, हे मला कळलं होतं.

मी वाचलं, “ही खोली माझ्या नावावर करा.”

“मग रडतोय कशाला?”

“नाटक करतोय, बाबा.”

पडद्यावरच्या म्हाताऱ्याने मुलाला मिठी मारली. “येडा आहे म्हातारा,” बाबा म्हणाले. “पोरगा आपल्या भूषणसारखाच. बंद कर.”

आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तू गोव्याच्या महोत्सवात सिनेमे बघत होतास. तिचं सगळं मी केलं.

हे पत्र मी टाकणार नाही. विचारलंस तर सांगेन, बाबांना सिनेमा आवडला.

प्रिती

ता. क. सकाळी बाबांनी परळ नाक्यावरून चावीवाल्याला आणून दाराचं कुलूप बदललं. चाव्या दोनच करून घेतल्या.