दाढेपाशी काय झालं

कालेता पियुरे,
३ ऑगस्ट

प्रिय लिसांद्रो,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. अक्षर तुझंच, पण ओळी उजवीकडे घसरत गेल्यात. डॉक्टरांनी फोनचा पडदा बघायला बंदी केली आहे हे एदुविनाने कळवलं होतं, तेव्हा आता आपण आजोबा-पणजोबांसारखं कागदावर बोलायचं. उजव्या कानाने काही ऐकू येतं का? चक्कर थांबली? खाण्याची काळजी मी करत नाही. एदुविनासारख्या बहिणीच्या हातचं खाऊन कोणी रोडावलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

इकडे पावसाने धक्क्याचा रस्ता पुन्हा वाहून नेला. आईने काल भोपळ्याच्या पुऱ्या, सोपाइपिया, तळल्या, तुझ्या वाटच्या मीच संपवल्या. कुस्तोदिओकाकांचा गुडघा धरला आहे, तरी रोज पहाटे होडी काढतात. बोलतात कमी. माझ्याशी तर फारच कमी.

तू लिहिलंस, सकाळी रबरी बूट चढवल्याचं आठवतं आणि त्यानंतर एकदम हॉस्पिटलचं छत. "प्रत्येक जण वेगळंच सांगतो, तू सांग." सांगतो.

९ जुलै. आदल्या दोन दिवसांपासून नैर्ऋत्येचं उधाण चढत होतं. पहाटे आपण निघालो, काकांच्या होडीमागे जेट-स्की बांधून. अकरा मैल. तू वाटभर गप्प होतास. मी विचारलं, "काय रे, झोप झाली नाही का?" तू म्हणालास, "झाली." बस, एवढंच.

आपली दाढ, समुद्रातला तो खडक, जागी झाली होती. एरवी तिथे काय असतं? एक काळा सुळका, दोन समुद्रसिंह, बाकी सपाट पाणी. पण त्या दिवशी खडकावर पाणी उभं राहून कोसळत होतं आणि त्याचा हादरा अर्ध्या मैलावर होडीच्या फळ्यांना लागत होता. अशी दाढ दहा वर्षांत आपण चार वेळा पाहिली असेल.

आणि तिच्या बगलेत एक पांढरी बोट उभी होती.

मोठी बोट. वर तीन कॅमेरे, खाली एक नवीकोरी जेट-स्की. लिसांद्रो, दहा वर्षं आपण तिघांनी तोंड शिवून ठेवलं होतं. किनाऱ्यावरचा मनोरा आणि टेकडीचं टोक एका ओळीत आणून जागा कशी पकडायची, हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही, आणि तिने दोनदा विचारलं होतं. आणि हे लोक तिथे कॉफी पीत बसले होते. त्यातल्या एकाने तुला पाहून हात हलवला. "लिसांद्रो" म्हणून हाक मारली. नावाने.

मी तुला विचारलं, "तुला ओळखतात?"

तू म्हणालास, "नंतर सांगतो."

मग तू फळीवर उभा राहून दोर धरलास, मी स्कीने ओढत नेऊन तुला लाटेवर सोडलं. पहिली लाट तू छान घेतलीस. दुसऱ्या लाटेवर मध्येच पाण्याला पायरी पडली, तुझी फळी सुटली, तू पाठीवर आपटलास. त्यांच्या स्कीने थोड्या वेळापूर्वी तिथूनच चक्कर मारली होती. पाणी तिने ढवळलं नसेल असं मला कोणी सांगू नये. शिवाय तुझं ते हवेचं जॅकेट नीट फुगलंच नाही. त्यातलं हवेचं नळकांडं जुनं होतं की कोणी हाताळलं होतं, हे तपासायला हवं. आदल्या संध्याकाळी ते जॅकेट गावातल्या दुकानाच्या पडवीत टांगलेलं होतं, आणि तिथे कोण कोण येऊन गेलं हे देव जाणे.

दोन लाटांच्या मध्ये तू वर आलाच नाहीस. आत शिरायला फट नव्हती. तिसऱ्या लाटेनंतर मी आत शिरलो, त्यांचा माणूसही शिरला. तो आधी पोचला, इतकंच. त्यांच्या बोटीवर त्यांनी तुझी छाती दाबली, तुझ्या तोंडातून पाणी आलं. पुढचं तुला एदुविनाने सांगितलं असेल.

बंदर कचेरीत मी असाच जबाब दिला आहे. तुला विचारायला कोणी आलंच, तर हेच सांग. दोघांचं एक असलेलं बरं.

आता माझा एक प्रश्न. जूनमध्ये तू नवी फळी घेऊन आलास. मी खोलीत शिरलो की तू फोन ठेवायचास. तीन-चार वेळा झालं, मी मोजत होतो. त्या लोकांना तुझं नाव ठाऊक होतं. रागावू नकोस, पण त्यांना दाढ कोणी दाखवली? मी नाही. काकांना मारलं तरी ते बोलायचे नाहीत. उरलं कोण?

आई तुला आशीर्वाद सांगते. ऑगस्टची थंडी आहे, जपून राहा.

तुझाच,
ओसिएल

---

कालेता पियुरे,
२१ ऑगस्ट

लिसांद्रो,

तुझं उत्तर चार दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. "तुझ्या पत्रात गुन्हेगार तीन आहेत आणि तू कुठेच नाहीस" हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की ती घडी आता फाटायला आलीय.

फोनचं तू लिहिलंस ते प्रथम मला पटलं नाही, हे कबूल करतो. उत्तरेला अंतोफागास्ताच्या बंदरात क्रेनवर नोकरी, सप्टेंबरपासून, आणि मला सांगायची हिंमत होत नव्हती. मी म्हटलं, बरी गोष्ट रचली. फळी एदुविनाने वाढदिवसाला दिली, ही दुसरी गोष्ट. माणसाला एकदा संशयाची चव लागली ना, की खरं बोलणं त्याला जास्तच घोटीव वाटतं.

मग मंगळवारी तो पांढऱ्या बोटीवाला आला. आइतोर त्याचं नाव, स्पेनकडचा बास्क आहे, दाढी अर्धी पिकलेली. तुझी चौकशी करायला मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. काका धक्क्यावर जाळं शिवत होते, मी शेजारी. मी त्याला बसही म्हटलं नाही. सरळ विचारलं, "तुम्हाला जागा कोणी दाखवली?"

"कोणी नाही," तो म्हणाला. त्याने फोन काढला. उपग्रहाची छायाचित्रं. तीन हिवाळ्यांची. कोऱ्या समुद्रात दर वेळी त्याच ठिकाणी नखाएवढा पांढरा फेस. "ही एवढी खूण धरून आम्ही तीन वर्षं शोधतोय. मागच्या वर्षी धुक्यात चुकलो."

"मग त्याचं नाव कसं ठाऊक?"

तेव्हा तो हसला. "आदल्या संध्याकाळी दुकानात भेटला होता. मी फक्त विचारलं, या बाजूला एखादा खडक आहे का. तर म्हणतो, 'छे, तिकडे काही नाही, नुसते समुद्रसिंह, आणि तेही चावरे.' तुमचा मित्र खोटं फार वाईट बोलतो हो. तोवर माझी खात्री नव्हती. त्याचं ऐकून पटली."

काकासुद्धा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. मला हसू आलं नाही. मला कळलं, त्या सकाळी "नंतर सांगतो" म्हणालास ते हेच असणार. आपण त्यांना पिटाळायला गेलो आणि उलट वाट दाखवून आलो, याची तुला लाज वाटत होती.

आइतोर गेल्यावर काका जाळ्यातून नजर न काढता म्हणाले, "तो वर आला होता ना रे?"

मी म्हटलं, "कोण?"

"ओसिएल, मी पन्नास वर्षं पाण्यावर आहे. होडीवरून मला लाटेआडचं दिसलं नाही. पण तुझी स्की दिसत होती. ती हलली नाही."

मी म्हटलं, "हो. आला होता."

त्यांनी सुई जाळ्यात खोचली. "मग मला काय सांगतोस? त्याला सांग. सांगितल्याशिवाय माझ्या होडीत पाय ठेवू नकोस."

म्हणून हे पत्र. ऐक आता.

तू वर आला होतास. जॅकेट व्यवस्थित फुगलं होतं, त्यात काही खोट नव्हती. त्यांच्या स्कीचंही काही नव्हतं, ती शंभर हात लांब होती. पहिली लाट तुझ्यावर कोसळली आणि दुसरी यायच्या आत तू फेसातून डोकं वर काढलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि हात वर केलास. उजवा हात. मी खडकाच्या कडेला, इंजिन चालू, वेगाची मूठ हातात. फट होती. माझा हात मुठीवर होता आणि मी ती पिळली नाही.

त्या क्षणी डोक्यात काय होतं, तेही सांगतो, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. डोक्यात आलं, बोलाव ना तुझ्या पांढऱ्या बोटीवाल्यांना. तू मरावास असं मनात नव्हतं, आईची शपथ. तू घाबरावास असं वाटलं. एक लाट घाबरावास. मग येईन, उचलेन, तू स्कीवर आडवा पडून खोकशील, आणि मग मी विचारेन. तेव्हा खरं बोलशील.

एक लाट. त्यानंतर तू वर आला नाहीस. मग मी शोधत फिरलो. ओरडलो असेन, माझा घसा दोन दिवस बसला होता. आइतोर तुला घेऊन निघाला तेव्हा मी चुकीच्या बाजूला, खडकाच्या पलीकडे होतो.

आणि तू परक्यांना जागा विकलीस म्हणून राग आला, हेही पुरतं खरं नाही. तुला सोडून जायचं आहे हे मला फळीच्याही आधीपासून जाणवत होतं. तू धक्क्यावर बसून उत्तरेकडे जाणाऱ्या जहाजांची नावं वाचायचास. मला त्याचं कारण हवं होतं, आणि दगा हे कारण मला झेपण्यासारखं होतं. तू फक्त कंटाळलास, हे झेपलं नसतं.

आज सकाळी बंदर कचेरीत जाऊन जबाब बदलला. तिथला अधिकारी जुनी कागदपत्रं उलटत म्हणाला, "हे कशाला उकरताय? माणूस जिवंत आहे ना?" मी म्हटलं, "लिहून घ्या." त्याने लिहून घेतलं, स्कीचा परवाना ठेवून घेतला. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "मी पाण्यात असते तर?"

पुढच्या गुरुवारी, २८ तारखेला, मी कन्सेप्सिओनला येतो आहे. एदुविनाच्या दारात येणार नाही, ती मला आत घेईल की बाहेर काढेल, दोन्ही मला सोसायचं नाही. बसस्थानकासमोर एस्पान्या नावाचं चहाचं दुकान आहे, तिथे अकरापासून चारपर्यंत बसेन. आलास तर ये.

ओसिएल

---

कालेता पियुरे,
३० ऑगस्ट

लिसांद्रो,

तू आलास. येशील असं मला वाटलं नव्हतं, म्हणून मी दोन वाजता जेवायला मागवलं होतं आणि तू समोर उभा राहिलास तेव्हा माझ्या तोंडात पाव होता.

तू बसला नाहीस. टोपी काढली नाहीस. बारीक झाला आहेस, एदुविनाबद्दल मी लिहिलं ते खोटं ठरलं. मी बोलत होतो आणि तू डावा कान माझ्याकडे वळवून उभा होतास, तेवढ्यात मी दोनदा विसरून हळू बोललो आणि दोन्ही वेळा तू "काय?" म्हणालास. त्या "काय" मध्ये राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग तू एकच विचारलंस. "माझा हात किती वेळ वर होता?"

मी म्हणालो, "तीन-चार सेकंद."

तू मान हलवलीस. "मग जमलंच नसतं तुला," म्हणालास. माझ्या खांद्याला हात लावलास आणि गेलास. मला सोडून देऊन गेलास, मला कळत होतं. आणि मी तुला जाऊ दिलं.

परतीच्या बसमध्ये मी पाच तास तुझा तो हात माझ्या खांद्यावर घेऊन बसलो. आई विचारत होती, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "माफ केलं." आईने रडून घेतलं. काकांनी आज पहाटे होडीकडे मान वळवून मला चढायची खूण केली. मी चढलो नाही. म्हटलं, अजून एक पत्र राहिलं आहे.

मी खोटं बोललो, लिसांद्रो. माझ्याच तोंडून निघालं, तुला बघून. त्या दिवशीच्या लाटा वीस-वीस सेकंदांनी येत होत्या. तू पडलास तेव्हापासून मी मोजत होतो. नेहमी मोजतो, तूच मला लावलेली सवय आहे ती. सात आकड्याला तुझं डोकं वर आलं. वीसला लाट आली. मधला सगळा वेळ तुझा हात वर होता.

आत शिरून तुला ओढून बाहेर यायला आपल्याला नऊ सेकंद लागतात. हिवाळाभर आपण सराव केला आहे.

तुझा हात तेरा सेकंद वर होता. मी मोजले होते.

ओसिएल